बोकडाला शाब्बास

आमच्या चिकोंबे गावात पाऊस लांबला की लोक आधी आभाळाकडे बघत नाहीत, विटांकडे बघतात. कच्च्या विटा रचून ठेवलेल्या माणसाला पाऊस नको असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ज्याला पाऊस नको असतो तो पाऊस बांधून ठेवतो, हे मोठ्यांना कळतं. कसा बांधतो ते विचारू नये. विचारणाऱ्याला ती विद्या शिकून घ्यायची आहे, असा अर्थ निघतो.

आमच्याकडे पाऊस नोव्हेंबरात लागतो. त्या वर्षी डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला तरी नव्हता. मक्यासाठी सऱ्या ओढून तयार होत्या, बियाणं तुंब्यांमध्ये वाट बघत होतं. रोज दुपारी डोंगरामागून ढग यायचे, गावावर थोडा वेळ थांबायचे आणि कुणी हाकलल्यासारखे राजधानीकडे, लिलोंग्वेच्या दिशेने निघून जायचे. गावात त्या वेळी कच्च्या विटा एकाच माणसाच्या होत्या. लामेकच्या.

खरं म्हणजे त्या शाळेच्या होत्या. नव्या वर्गासाठी गावाने विटा द्यायच्या आणि सरकारने पत्रे, असं ठरलं होतं. गावप्रमुखांनी विटा पाडायचं काम लामेकला दिलं आणि भाजायचं लाकूड मी पाठवतो म्हणाले. हे ते जुलैत म्हणाले होते. लामेक आणि त्याची बायको एनिफा यांनी ओढ्यातून पाणी वाहून, चिखल तुडवून, एकाच लाकडी साच्यातून बारा हजार विटा काढल्या. चिखल तुडवून तुडवून लामेकच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यात मक्याचा दाणा ठेवला असता तर बसला असता. विटा वाळल्या, रचल्या, आणि लाकडाची वाट बघत उभ्या राहिल्या. मोबदला म्हणून त्यांच्या मुलीची, डायनेसीची, आठवीनंतरची शाळा गावाने बघायची होती. मात्र विटा भाजून शाळेत पोचल्या, तर.

आमच्याकडे लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. त्यामुळे घरजावई ही आमच्यात शिवी नाही, पुरुषवस्तीचं साधं वर्णन आहे. मीही घरजावईच. पण पावसाचं, चोरीचं, कोंबड्यांच्या रोगाचं काही निघालं की आधी जावयांची नावं आठवतात, कारण भाऊ आणि भाचे घरचे असतात. लामेकला इथे येऊन सोळा वर्षं झाली होती. अजून तो 'नवा माणूस' होता.

त्यात रेडिओ आला.

ऑक्टोबरात एक पांढरी जीप शाळेत आली आणि 'रेडिओ मंडळा'साठी एक निळा डबा देऊन गेली. त्याला फिरवायचा दांडा होता आणि डोक्यावर उन्हावर चालणारी काळी पाटी होती. मंगळवारी आणि गुरुवारी दोन वाजता त्यावर गणिताचा आणि इंग्रजीचा पाठ लागायचा. शाळेत सहावी, सातवी, आठवीला मिळून बिझेकी मास्तर एकटेच. ते एका वर्गाला शिकवत तेव्हा उरलेले दोन वर्ग एकमेकांना शिकवत. बावीस पोरांचं मंडळ झालं. पण शाळेच्या एकाही दाराला कुलूप नाही. गावात कुलूप लागणारं पत्र्याचं दार फक्त एनिफाचं, म्हणून डबा तिच्याकडे ठेवायचा ठरला. दार पत्र्याचं का, तर नवरा विटा पाडतो म्हणून. आणि तिच्याच घरी का, हे बाकीच्या बायकांनी एकमेकींना इतक्यांदा विचारलं, की तिला विचारायचं राहूनच गेलं.

गाव खोलगट जागी आहे. डबा नुसता खरखर करायचा. म्हणून लामेकने एक तांब्याची तार मिळवली आणि घराच्या छपरापासून निलगिरीच्या शेंड्यापर्यंत बांधली. आवाज असा स्वच्छ आला की पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्या गावाने बघितलं. विटावाल्याने झाडावर चढून आभाळाकडे तार बांधली.

---

पहिल्या महिन्यात गाव पाठ ऐकायला यायचं. शेंगा फोडता फोडता, पोर पाजता पाजता, लांबून. रेडिओवरची बाई प्रश्न विचारायची, मग थोडी गप्प बसायची. पोरं ओरडून उत्तर द्यायची. मग बाई म्हणायची, "अगदी बरोबर! शाब्बास!"

सितोलोमामांना हे पटेना. हे एनिफाचे सख्खे मामा. आमच्यात भाचीच्या घरावर हुकूम मामाचा. जावई आणायचा तो मामाने आणि परत पाठवायचा तोही मामाने. ते एक दिवस काठी टेकत आले आणि पोरांच्या मागे उभे राहिले.

"ती आपलं ऐकते का?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"नाही मामा. ती शहरात आहे. पाठ आधीच भरून ठेवलेला असतो."

"मग शाब्बास कुणाला म्हणते?"

मास्तर म्हणाले, "पोरांना."

"उत्तर न ऐकता?"

मास्तरांनी चष्मा पुसला. तेवढ्यात बाईने विचारलं, "सात सक किती?" आणि ती गप्प झाली. पोरांनी तोंडं उघडली. मामांनी काठी वर केली, पोरं गप्प. मामा डब्यावर वाकले आणि मोठ्यांदा, सावकाश म्हणाले, "बोकड."

"अगदी बरोबर!" बाई म्हणाली. "शाब्बास!"

मामांनी वळून एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग लामेककडे बघितलं. काठी टेकत निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं की एनिफाच्या घरातला डबा खोटं बोलतो.

एनिफाला ते हातपंपावर कळलं. ती पोचली की बोलणं थांबायचं. तिची बादली रांगेत होती तिथून दोन बादल्या मागे गेलेली असायची. कुणी हलवली हे कुणी बघितलेलं नसायचं. तिसऱ्या दिवशी तिची मावसबहीण बेलिता म्हणाली, "अगं, तुला काय घाई? तुमच्याकडे पाणी नसलं तरी चालतं. तुमच्याकडे ऊन चालतं."

बायका हसल्या. एनिफाही हसली. मग बादली भरायच्या आधीच तिने ती डोक्यावर घेतली आणि अर्ध्या वाटेत लक्षात आल्यावर परत आली. ते जास्त लागलं.

---

बैठक मंगळवारी सकाळी वडाच्या झाडाखाली झाली. गावप्रमुख खुर्चीवर, बाकी जमिनीवर. प्रमुखांची पंचाईत अशी की विटांना दोष द्यावा, तर विटा पाडायला त्यांनीच सांगितलेलं आणि लाकूडही त्यांच्याकडेच राहिलेलं. म्हणून त्यांना तारेचा मुद्दा एकदम पटला.

"तार आभाळात कशाला?" त्यांनी विचारलं.

लामेक उठून, गुडघे वाकवून, हात जोडून बोलला. जावयाने तसंच बोलायचं असतं. "आवाज पकडायला, प्रमुख."

"म्हणजे वरून काहीतरी पकडते."

"आवाज पकडते."

"आज आवाज पकडते," सितोलोमामा म्हणाले. "ढग काय, आवाजापेक्षा हलकाच."

यावर बिझेकी मास्तरांना बोलता आलं असतं, पण मास्तरांचंही लग्न याच गावात झालेलं. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. मीही त्या वेळी माझ्या चपलेचा पट्टा बघत होतो. तो ठीक होता.

निकाल मामांनी दिला, कारण जावई त्यांचा. तार आज उतरायची. रविवारपर्यंत पाऊस आला नाही, तर लामेकने आपली चटई गुंडाळून आईच्या गावाला जायचं. एनिफा आणि पोरगी इथेच राहतील.

"आणि आला तर?" एनिफाने विचारलं. बायकांनी बैठकीत विचारायचं नसतं.

मामा म्हणाले, "आला तर बघू तो कुणाला विचारून आला."

लामेकने झाडावर चढून स्वतःच तार उतरवली. खाली पोरं उभी होती. उतरताना त्याच्या मांडीचं कातडं निघालं. तारेचं वेटोळं मामांनी ताब्यात घेतलं आणि घरी नेलं.

---

दोन वाजता डबा नुसता खरखरत होता. डायनेसीने तो डोक्यावर घेतला आणि पोरांना घेऊन विटांच्या पलीकडच्या वारुळावर चढली. ते वारूळ आमच्या घरांपेक्षा उंच आहे. माथ्यावर तिने डबा धरून हात ताणला, तेव्हा बाईचा आवाज आला. बारीक, पण आला. ज्याचा हात दुखेल त्याने दुसऱ्याकडे द्यायचा, असा पाठ त्यांनी पुरा केला.

गुरुवारीही तसंच. पाठानंतर हवामान लागायचं. ते ऐकून वहीत लिहायचं, हा मंडळाचा गृहपाठ. डायनेसीने ते लिहिलं आणि घरी येऊन आईच्या हातात वही दिली.

माझं घर त्यांच्या कुंपणाला लागून. मी ऐकत नव्हतो, ऐकू येत होतं.

"काय लिहिलंय?" लामेकने विचारलं. तो मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा भोपळ्याच्या पाल्यात बुडवत होता.

"शनिवारी दुपारनंतर," डायनेसी म्हणाली. "मध्य भागात सगळीकडे. जोराचा."

गोळा तसाच हातात राहिला. "नक्की शनिवार?"

"दोनदा म्हणाले, बाबा."

"मग बरं झालं की!" एनिफा म्हणाली. "रविवारच्या आधीच. तुम्हाला जावं लागणार नाही."

"आणि विटा?"

भाजायला लाकूड नाही, आणि असतं तरी भट्टीला चार दिवस लागतात. एकच उपाय होता. विटांवर गवताच्या पेंढ्यांचा जाड थर द्यायचा. पेंढ्या लामेकने आधीच कापून ढिगाशेजारी ठेवल्या होत्या. एका सकाळचं काम.

"उद्या झाकून टाकू," एनिफा म्हणाली.

"इतके दिवस उघड्या ठेवल्या, आणि पावसाच्या आदल्या दिवशी झाकल्या," लामेक म्हणाला. "डायनेसीची आई, तू मामांच्या जागी असतीस तर काय म्हणाली असतीस?"

एनिफाने वही मिटली.

"झाकल्या तर मी जातो. नाही झाकल्या तर विटा जातात. विटा गेल्या तर हिची शाळा जाते."

"मी मामांना सांगून येते," एनिफा म्हणाली. "आधीच सांगितलं तर लपवल्यासारखं नाही होणार."

तिच्यामागे मीही गेलो, मामांकडून थोडं मीठ मागायला. मामांच्या अंगणात तांब्याची तार दोन खांबांना बांधली होती आणि तिच्यावर मामींचं कमरेला गुंडाळायचं चितेंजे आणि मामांची बंडी वाळत होती.

एनिफा गुडघे टेकून बसली. "मामा, शनिवारी दुपारी पाऊस येणार आहे."

"कोण म्हणतं?"

"रेडिओ."

"कोण, ती बोकडवाली?"

"हवामान सांगणारा वेगळा आहे, मामा. पुरुष आहे."

"डबा तोच ना?"

"तोच."

मामांनी तपकीर ओढली. "म्हणजे तुझ्या नवऱ्याने तुला सांगायला पाठवलं, की तो शनिवारी सोडणार आहे."

"काय सोडणार?"

"ते त्यालाच माहीत." मामा खाली वाकले. "पोरी, ऐक. ज्याचा काही हात नाही, त्याला पाऊस कधी येणार ते माहीत नसतं. मला माहीत आहे का? नाही. याला आहे का?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी जोरात मान हलवली. "उद्यापासून बेलिता विटांपाशी बसेल. तुझ्या नवऱ्याने एक काडी जरी विटांवर टाकली, तर रविवारची वाट बघायची नाही."

एनिफा उठली. गुडघ्यांना लागलेली धूळ तिने झटकली नाही. मला मीठ मिळालं नाही.

---

शुक्रवारी बेलिता सकाळपासून निंबाच्या सावलीत शेंगा घेऊन बसली. नजर पेंढ्यांवर. लामेक समोर साचा पालथा घालून त्याच्यावर बसला होता. दोघं एकमेकांकडे बघत होते. दुपारपर्यंत बेलिताच्या शेंगा संपल्या. लामेकने तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं, पण आधी वास घेतला.

एनिफा शाळेत गेली.

शुक्रवारी दुपारी आमच्या शाळेत श्रमदान असतं. पोरं कधी गवत कापतात, कधी मास्तरांच्या बायकोला पाणी आणून देतात, आणि वर्षानुवर्षं डोक्यावर विटा वाहतात. पोरांची रांग डोक्यावर विटा घेऊन चालली आहे, हे आमच्याकडे इतकं नेहमीचं आहे की कुत्रीही भुंकत नाहीत.

"मास्तर, आज विटा," एनिफा म्हणाली.

"कच्च्या?" मास्तर म्हणाले.

"शाळेच्याच आहेत. वर्गात ठेवायच्या, छपराखाली."

"पण प्रमुखांना विचारल्याशिवाय..."

"मास्तर, त्या दिवशी वडाखाली तुम्ही चष्मा पुसत बसलात. पुसून झाला असेल तर घाला आणि घंटा वाजवा."

मास्तरांनी घंटा वाजवली.

दीडशे पोरं आली. लहानांना एक, मोठ्यांना दोन. विटेखाली डोक्यावर पानांची चुंबळ. रेडिओ मंडळाची पोरं पुढे होती आणि पाढे म्हणत होती. ओरडून प्रश्न, मग क्षणभर गप्प, मग उत्तर, मग "शाब्बास!" सूर थेट बाईचा. मास्तर वर्गाच्या दाराशी उभं राहून रचून घेत होते. संध्याकाळी उन्हं उतरली तेव्हा वर्गात बाकांच्या उंचीपर्यंत विटा लागल्या होत्या. दीड-एक हजार. बारातल्या दीड.

बेलिता जागची हलली नव्हती. तिला मामांनी गवतावर नजर ठेवायला सांगितलं होतं. तिने गवतावरची नजर काढली नाही. रात्री मामांनी विचारलं तेव्हा तिने शपथेवर सांगितलं, "एका काडीला हात लावला नाही, मामा."

---

शनिवारी सकाळी आभाळ ताटासारखं स्वच्छ होतं. लोक लामेककडे बघून हसत होते आणि हसता हसता आभाळाकडे बघत होते. जेवणानंतर गाव एकेक करून विटांपाशी आलं. कुणी शेळी शोधत आलं होतं, कुणी कोंबडी. प्रमुख खुर्ची घेऊन आले. त्यांनी काही शोधत असल्याचं सांगितलं नाही.

लामेक पालथ्या साच्यावर, हात गुडघ्यांवर. एनिफा त्याच्याशेजारी जमिनीवर. तीन वाजता डोंगरामागून ढग आले. नेहमीसारखे थांबले. लोकांनी श्वास रोखला, ते लिलोंग्वेकडे जातील म्हणून.

ते गेले नाहीत.

पहिले थेंब विटांवर पडले तेव्हा तिथे नाण्याएवढे काळे डाग उठले. मग डागांमधली जागा संपली. पळून कुणी गेलं नाही. सगळे लामेककडे बघत होते. पेंढ्या त्याच्यापासून हातभर अंतरावर होत्या. त्याच्या बोटांनी गुडघे घट्ट धरले होते, नखं पांढरी पडली होती.

आधी वरच्या थरांच्या कडा गोल झाल्या. मग विटा एकमेकींना चिकटायला लागल्या, पाच महिन्यांपूर्वी जशा चिखलात होत्या तशा. एक कोपरा खचला आणि हळूच बसला. लाल पाणी लामेकच्या पायांपर्यंत आलं, टाचांच्या भेगांत शिरलं. एनिफाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "राहू दे." तिने हात काढला नाही.

मामांच्या टोपीतून पाणी गळत होतं. ते एकदा ढिगाकडे, एकदा लामेककडे बघत होते. दुसरा कोपरा खचला. मामांची काठी खाली पडली.

"अरे झाक!" ते ओरडले. "बघत काय बसलास? जावई, झाक!"

लामेक हलला नाही. हलणं बहुधा त्याला जमत नव्हतं. मामांनी स्वतः वाकून पेंढी उचलली आणि ढिगावर फेकली. मग बेलिता धावली, मग सगळेच. म्हातारे, बाया, शेळी शोधायला आलेले. प्रमुखांनी खुर्ची डोक्यावर धरली होती, ती टाकून त्यांनीही एक पेंढी टाकली. भराभर, आरडाओरडा करत, गावाने विटा झाकल्या. झाकल्या तेव्हा खाली झाकण्यासारखं निम्मंही उरलं नव्हतं.

---

रविवारी पहाटेपासून सगळं गाव पेरत होतं. माफी कुणी मागितली नाही. तशी पद्धत नाही. सकाळी मामा लामेकच्या अंगणात आले, तारेचं वेटोळं खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे आमच्याकडे पडलेलं होतं." तारेवर अजून त्यांच्या बंडीचा एक धागा होता. सोमवारी प्रमुखांचं लाकूड आलं. शाळेतल्या दीड हजार विटा कुठून आल्या, हे त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "श्रमदान." प्रमुख म्हणाले, "शाब्बास." डायनेसीची शाळा त्यांनी कबूल केली, उरलेल्या विटा पुढच्या जुलैत पाडून द्यायच्या अटीवर.

पाऊस तोवर कुणी बांधला होता, याचा तपास अजून चालू आहे. दोन जावयांवर संशय आहे. त्यातला एक मी.

रेडिओवर आमच्या गावाचा आजही विश्वास नाही. फक्त लामेकने विटांवर गवत टाकलं की आम्ही वाळवण आत घेतो.

तार पुन्हा निलगिरीवर चढली. मंगळवारी पाठाला मामा आले आणि पोरांच्या मागे नाही, मध्ये बसले. बाईने विचारलं, "सात सक किती?" पोरांनी मामांकडे बघितलं आणि तोंडं मिटून घेतली. मामांनी डब्याकडे बघितलं. मग कुणाला ऐकू जाऊ नये असं, ओठातल्या ओठात म्हणाले, "बेचाळीस."

"अगदी बरोबर!" बाई म्हणाली. "शाब्बास!"

मामा एकदम ताठ झाले. त्यांनी वळून लामेककडे बघितलं.

"हिला कुणी सांगितलं?" ते म्हणाले.